मागच्या भिंतीचं पाणी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, हुफूफ

अफशाँची ही जुनी वही, पुढची पानं गणिताने भरलेली. उरलेल्या पानांवर मी लिहिणार, तेही मराठीत. आमचे हे उर्दू शाळेतले, लेक इंग्लिश शाळेतली, त्यामुळे घरात कुणाची वाचायची टाप नाही. मी हर्णैच्या मराठी शाळेत शिकले. माझं अक्षर बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या. इथे येऊन त्या अक्षराचा उपयोग फक्त डब्यांवर मीठ, साखर लिहायला झाला.

आजपासून आम्ही अबू सालेहच्या आजोबांच्या घरात राहतो. अबू सालेह म्हणजे यांचे कफील, ज्यांच्या जबाबदारीवर आम्हाला सौदीत राहता येतं ते मालक, खजुराचे मोठे व्यापारी. आमचे हे, म्हणजे रहमतुल्ला, लग्नाआधीपासून त्यांची गाडी चालवतात आणि दुकानही सांभाळतात. घर दगडमातीचं आहे. पुढे एक चौक, मागे एक, छताला लाकडी वासे आणि खजुराच्या चटया, बैठकीच्या भिंतींत चुन्यासारखी पांढरी कोरीव नक्षी. दाराशी पितळी पाटी आहे. गेल्या वर्षी सरकारने हे घर जपायच्या इमारतींत घेतलं. म्हणजे पाडायचं नाही, सिमेंट लावायचं नाही, खिळासुद्धा विचारून ठोकायचा. अबू सालेहना इथे आठ मजली बिल्डिंग बांधायची होती, नकाशे तयार होते, ते सगळं राहिलं. पाटी लागली त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. आजोबांच्या घराचं माणसाला वाटणारच.

घर रिकामं पडलं की खराब होतं, म्हणून त्यांनी आम्हाला राहायला सांगितलं, भाडं काही नाही. इतकी वर्षं तिसऱ्या मजल्यावर समोरच्या बिल्डिंगचे एसी बघत काढली. आता मला अंगण आहे. यांना विचाराल तर तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ‘जुनं घर आहे, सफू, कधी काय होईल सांगता येत नाही.’ मी म्हटलं, जुनं आहे म्हणून तर सरकारने पाटी लावली, तुम्हाला आणि मला कोण लावतंय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

न्हाणीचं पाणी नुसतं गटारात जाताना बघून मला चैन पडेना. आमच्याकडे न्हाणीच्या मागे केळ आणि अळू नाही असं घर मी पाहिलेलं नाही. पाणी वाया घालवणारीला सासरी काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. तस्नीमने अळूचे कंद दिले. तस्नीम माझी मैत्रीण, दापोलीची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे, गच्चीवर टबात काहीबाही लावत असते. केळीचे दोन कोंब एका बंगाली माळ्याने आणून दिले. मागच्या चौकात कुदळीने चर मारला, न्हाणीचं पाणी वळवलं आणि लावून टाकलं सगळं.

अबू सालेह खजुराचा डबा घेऊन आले होते. बघून खूश झाले. म्हणाले, ‘ज़ेन, ज़ेन. आणखी आत लाव, भिंतीला चिकटून, तिथे सावली असते. पाणी भरपूर सोड, उम्म अफशाँ. इथे पाण्याला काय तोटा.’ उम्म अफशाँ म्हणजे अफशाँची आई, इथे अशीच हाक मारतात. किती मोठ्या मनाचा माणूस. दुसरा मालक असता तर खड्डा बघून ओरडला असता.

हे बाजूला उभे होते, जमिनीकडे बघत. अबू सालेह गेल्यावर मी म्हटलं, जरा हसायचं तरी. म्हणाले, ‘भिंतीपासून लांब लाव.’ मी म्हटलं, घर त्यांचं, त्यांनी जवळ सांगितलं, तुमचं काय जातंय.

सोमवार, ३ मार्च

रमजान लागला. तुरासच्या ऑफिसातली इंजिनीअर हैफा येऊन गेली. तुरास म्हणजे ही जुनी घरं सांभाळणारं खातं. पोरगी तिशीच्या आत-बाहेरची, पायांत बूट, हातात टॉर्च, भिंतींना हात लावत फिरते, डॉक्टर पेशंटला तपासतात तशी. मागे गेली नाही, घाईत होती. मला म्हणाली, थंडी पडली की हे घर लोकांना बघायला उघडायचं, सकाळचा नाश्ता तू करशील का. मी म्हटलं घावने करीन, नारळाच्या रसाबरोबर. घावने म्हणजे काय ते सांगता सांगता माझं अरबी संपलं, शेवटी हातवारे केले. ती हसली आणि म्हणाली, पक्कं.

माझं स्वतःचं काम. अम्मी असती तर तिला फोन केला असता.

मंगळवार, ११ मार्च

मागच्या भिंतीखालून एक पाइप जातो, तो गळतो म्हणून अबू सालेहनी प्लंबर पाठवला. त्याच्याबरोबर हे दुपारभर उभे. मी डोकावले तर म्हणाले, ‘आत जा.’ रोजाच्या तोंडी एवढं तुसडं बोलायचं काय कारण? नवा पाइप आणला होता, जुना काढला, माती सारखी केली. झालं का विचारलं, तर ‘दुरुस्त झाला’ म्हणाले.

इफ्तारला एक खजूर आणि पाणी, बाकी काही नाही. मी केलेल्या भज्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मग एकदम म्हणाले, अफशाँचा पलंग मागच्या खोलीतून काढायचा. मागची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत गार खोली, भिंतीत कोनाडे, त्यांत पोरीने किती हौसेने पुस्तकं मांडली होती. मी कारण विचारलं. म्हणाले, किडे आहेत. मी म्हटलं, औषध मारू. तर आवाज चढला. लग्न झाल्यापासून माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. अफशाँ रडत पुढे आली. ‘अम्मी, व्हाय इज़ ही लाइक दिस?’ मी म्हटलं, रोजा लागतो एकेकाला.

रविवार, २० एप्रिल

आज माझी पुरती शोभा झाली. हैफा मागच्या चौकात आली आणि केळी बघून जागीच थांबली. म्हणाली, ‘हे काय केलंस तू?’ मातीची भिंत पायातून पाणी ओढते, आतून मऊ होते आणि बाहेरून कळत नाही, असं तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. झाडं उपट, चर बुजव, आजच्या आज. मी मान डोलावली. कानशिलं तापली होती. पंचेचाळिशीच्या बाईला पंचवीस-तिशीच्या पोरीने असं सांगायचं म्हणजे.

पण तिचं बरोबर होतं. हर्णैचं घर जांभ्याचं, त्याला पाण्याचं काही नसतं, मला काय ठाऊक माती वेगळी असते. चर लगेच बुजवला, न्हाणीचं पाणी पुन्हा गटारात सोडलं. झाडं मात्र माझ्याने उपटवली नाहीत. केळीला नवं पान आलं होतं, गुंडाळीतून नुकतं सुटत होतं. म्हटलं, पाणी तोडलं की आपोआप वाळतील, माझ्या हाताने नको. हैफाला फोनवर ‘उपटली’ म्हणून सांगितलं. अल्लाह माफ करो.

यांना सांगितलं की पाणी बंद केलं. म्हणाले, ‘बरं केलंस.’ आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं काही बोलतील.

शनिवार, २४ मे

गंमत बघा. पाणी तोडून महिना झाला, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि माझा अळू माझ्या कमरेला लागलाय. पानं सुपाएवढी. केळी तर विचारू नका. हसाची, म्हणजे या हुफूफच्या भागाची, माती म्हणजे सोनं आहे, उगाच नाही इथल्या खजुराचं नाव. काल वड्या केल्या, तस्नीमला पाठवल्या, अबू सालेहच्या घरीही पाठवल्या.

भिंतीला खालून मीठ फुटतं हल्ली, पांढरे पापुद्रे येतात. मी रोज फडक्याने पुसते. हर्णैला समुद्राच्या वाऱ्याने असंच व्हायचं. समुद्र इथून कुठल्या कुठे, तरी ते मीठ पाहून बरं वाटतं.

शुक्रवार, १३ जून

अब्बा आले. माझे सासरे, हुसेनमियाँ. व्हिजिट व्हिसा मिळाला. हे आधी मार्चपासून ‘नंतर बघू, डिसेंबरात आणू’ करत होते, शेवटी मीच तस्नीमच्या नवऱ्याला सांगून ऑनलाइन सगळं करून घेतलं. म्हातारा माणूस, डिसेंबर कुणी पाहिलाय. एअरपोर्टवर मुलाला बघून अब्बा रडले, आणि मुलगा असा उभा की जणू वसुलीवाला आलाय. मला इतकी लाज वाटली.

अब्बांनी आयुष्यभर बाणकोटला होड्यांची सुतारकी केली. आल्या आल्या दाराच्या फळीवर बोटांनी टकटक केली, वास घेतला आणि म्हणाले, ‘हा सागवान आपल्याकडचा गो, सुनबाई. गलबतातून आलेला.’ मग सगळं घर बोटांनी टकटक करत फिरले. मागच्या भिंतीशी आल्यावर थांबले. पुन्हा टकटक केली. म्हणाले, ‘ही बोलत नाही.’ मी म्हटलं, अब्बा, लाकूड बोलतं, माती कशी बोलेल. हसले.

यांनी लगेच सांगितलं, अब्बांची खाट पुढच्या बैठकीत, तिथेच बसायचं, तिथेच झोपायचं. बापाला हुकूम सोडल्यासारखं.

बुधवार, ९ जुलै

आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, अजून रिन्यू झालेले नाहीत. तारीख जवळ आली. हे म्हणतात, अबू सालेह करतील, ऑगस्टनंतर. दुकानातल्या दोघांचे केले नाहीत, त्यांना सरळ घरी पाठवलं. मी म्हटलं, तुम्ही एवढी वर्षं आहात, तुमची गोष्ट वेगळी. ‘हो,’ म्हणाले, ‘माझी वेगळी.’

अबू सालेह आज स्वतः आले. कॉफी घेतली, अफशाँच्या डोक्यावरून हात फिरवला. ती कुठे झोपते विचारलं. मी म्हटलं, पुढे. म्हणाले छान, पुढेच बरं. मग म्हणाले, पोरीला सुट्टी आहे, ऑगस्टमध्ये इंडियाला जाऊन या सगळे, तिकिटं माझ्याकडून. असा मालक कुणाला मिळतो? पण मला नाही जमायचं. अब्बा आत्ताच आलेत, नोव्हेंबरात हैफाची माणसं येणार, मला त्याआधी बैठक सारवून घ्यायची आहे, तांदूळ मागवायचेत.

ते गेल्यावर हे मागे लागले. जा म्हणाले. हात जोडले हो, खरंच जोडले. ‘एक महिना जा. अफशाँला घेऊन, अब्बांना घेऊन.’ मला भयंकर राग आला. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा अंगण मिळालं, पहिल्यांदा स्वतःचं काम मिळालं, तेच नेमकं तुम्हाला खुपतंय. तुम्हाला मी त्या खुराड्यातच बरी दिसत होते. ते उठून गेले. जाताना म्हणाले, ‘निदान मागे जाऊ नका कुणी.’

मागे भूत आहे की काय असं मी ओरडून विचारलं.

शनिवार, २ ऑगस्ट

हे आणि अबू सालेह बुरैदाला गेले, खजुराच्या बाजाराला. दरवर्षी जातात, पण यंदा निघताना यांचा पाय निघत नव्हता. अफशाँला जवळ घेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर पोरगी म्हणते, ‘इट्स अ प्रॉमिस, अम्मी.’ बापलेकीचं काय ते असेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट

बैठकीतला एसी बंद पडला. भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणून खिडकीत बसवलेला तो डबा, आज ना उद्या जाणारच होता. अब्बा भाजून निघाले. पाठीवर घामोळं उठलं, जेवण जाईना. मेकॅनिक म्हणतो पुढच्या आठवड्यात.

मग मी अब्बांना उठवलं आणि मागच्या चौकात नेलं. भिंतीला लागून मातीचा ओटा आहे, वर केळीची सावली. गादी घातली, पाठीशी लोड दिला. अब्बांनी लोड काढून टाकला आणि पाठ थेट भिंतीला टेकवली. म्हणाले, ‘मडक्यासारखी गार आहे गो.’ आणि डोळे मिटले. इथे आल्यापासून त्यांना इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. आता रोज असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर तिथेच बसवीन.

संध्याकाळी यांचा फोन. अफशाँ कुठे? पुढे. अब्बा कुठे? मी म्हटलं, पुढेच आहेत, बैठकीत. एसीचंही सांगितलं नाही. बुरैदाहून ओरडून घेण्याची हौस नाही मला. म्हाताऱ्याला चार घटका गारवा मिळतोय तर मिळू दे.

सोमवार, ११ ऑगस्ट

मागच्या खोलीचं दार लागत नाही. खालून घासतं. परवापर्यंत लागत होतं. भिंतीला बाहेरून पोट सुटल्यासारखं दिसतंय, गिलाव्याला एक चीर गेलीय, तिच्यात माझं बोट जातं.

अबू सालेहना फोन केला. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘खलास, आम्ही आलो की बघू, तू कुणाला बोलावू नकोस, ऑफिसवाल्यांना तर मुळीच नको, ते उगाच तुझ्या केळीवरून तुला त्रास देतील.’ माझी किती काळजी करतात. मला खरंच हैफाची भीती होती. उपटली म्हणून सांगितलंय ना मी.

दहा मिनिटांत यांचा फोन. आवाज ओळखू येईना. आत्ताच्या आत्ता सगळे तस्नीमकडे जा. मी म्हटलं, दार लागत नाही म्हणून कुणी घर सोडतं का? तस्नीमची आज रात्रपाळी, तिच्या घरात आधीच तिची नणंद. म्हणाले, ‘सफू, मी तुझ्या पाया पडतो.’ मग मीही घाबरले. म्हटलं, बरं, उद्या संध्याकाळी जाऊ, सामान तरी भरू दे. ‘आज’ म्हणत राहिले. मी ‘उद्या’ म्हणत राहिले. शेवटी अबू सालेहचा आवाज आला मागून, आणि फोन बंद झाला.

सोमवार, १८ ऑगस्ट

अब्बा गेले.

मला लिहायचं नव्हतं, पण डोक्यात सारखं तेच फिरतं, कागदावर उतरवलं तर जरा थांबेल. मंगळवारी असर झाली होती. मी पुढच्या चौकात कपडे भरत होते, अफशाँ माझ्यापाशी. अब्बांना म्हटलं होतं, आज नका मागे बसू, आपण निघतोय. म्हणाले, ‘गाडी येईपर्यंत बसतो.’ मी हो म्हटलं. फार मोठा आवाज झाला नाही. ट्रकमधून वाळू ओतल्यासारखा झाला. मागे गेले तर समोर आकाश होतं. खोलीचं छत लोंबत होतं, केळी दिसत नव्हत्या, ओटा दिसत नव्हता. शेजारच्या मशिदीचं काम करणारी माणसं धावत आली. त्यांनी हातांनी उकरलं. मी पण उकरलं. माती ओली होती, चिखल होता नुसता, आणि गार.

यांना फोन लावला. तोंडातून ‘भिंत’ एवढंच निघालं. हे म्हणाले, ‘मागची? अफशाँ कुठे आहे?’ मी म्हटलं, माझ्यापाशी आहे. ‘अल्हमदुलिल्लाह,’ म्हणाले, आणि रडायला लागले. बापाचं काळीज, सगळं आधीच कळतं त्याला. मग मी अब्बांचं सांगितलं. फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग अबू सालेहनी फोन घेतला आणि इन्ना लिल्लाही म्हणाले.

इथल्याच कब्रस्तानात माती दिली. बाणकोटहून कुणी येऊ शकलं नाही, दिराने व्हिडिओवर बघितलं.

मीच केलं हे. केळी मी लावल्या, पाणी मी घातलं, उपटा म्हटलं तर उपटल्या नाहीत. आणि अब्बांना तिथे मी नेऊन बसवलं. मला जगायची लाज वाटते.

शनिवार, २३ ऑगस्ट

अबू सालेहनी फ्लॅट दिला. नवी बिल्डिंग, दुसरा मजला, तीन खोल्या. चावी घेऊन गेलो तर आत सगळं लावलेलं. गॅस भरलेला, फ्रिज चालू, अफशाँच्या खोलीत नवं टेबल, पलंग, तिच्या आवडीचे निळे पडदे. दहा दिवसांत एवढं सगळं उभं केलं त्यांनी. वॉशिंग मशीनची वॉरंटीची चिठ्ठी चिकटलेली होती, तिच्यावर जुलैची तारीख. दुकानात पडून असलेला माल असेल. इकामेही झाले.

हे जेवत नाहीत. पेज दिली, ठेवून दिली. काल नमाजात सिजद्यात गेले, कपाळ टेकलं, ते उठलेच नाहीत, मी हलवलं. म्हणाले, ‘माझ्यामुळे झालं, सफू.’ मी म्हटलं, तुमचा काय दोष, तुम्ही तर किती वेळा सांगितलंत, मीच हट्टी. तर तोंडावर हात ठेवला माझ्या आणि म्हणाले, बोलू नकोस. एक शब्दाने मला दोष दिला नाही या माणसाने. त्यांच्या बापाला मी मारलं आणि ते मलाच गप्प करतात.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज हैफाने बोलावलं होतं, त्या घरी. हे दुकानात होते. मी एकटीच गेले.

पाटी अजून दाराशी आहे. मागे दोरी बांधली होती. तिने मला काठाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. पायाचे दगड उघडे पडले होते, त्यांच्यामधून एक पांढरा पाइप आलेला. नवा कोरा. त्याचं तोंड पायाच्या आत उघडं सोडलेलं, आणि वरून दगड लावून झाकलेलं. दुसरं टोक मोठ्या पाण्याच्या लाइनला जोडलेलं.

हैफा म्हणाली, ‘तुझ्या केळीने ही भिंत पडायला दहा वर्षं लागली असती. हे पाणी महिनोन् महिने आत चालू होतं. कुणीतरी हे मुद्दाम केलंय. कोण आलं होतं इथे? कुणी केलं, तुला माहीत असणार. तू इथे राहत होतीस.’

मी त्या पाइपाकडे बघत राहिले. मला रमजानची ती दुपार दिसली, आणि ‘आत जा’ म्हणणारे हे. मग एकेक करून सगळंच दिसायला लागलं, ते मला लिहवत नाही. मी दोरीचा आधार घेतला, तिने मला धरलं.

‘घाबरू नकोस,’ म्हणाली. ‘तू नाव सांग. मुद्दाम पाडलं हे सिद्ध झालं तर जागेवरचा जतनाचा हुकूम उठत नाही, मालकाला इथे एक वीट रचता येणार नाही. आम्ही भिंत पुन्हा उभी करू. पण भाडेकरूच्या चुकीने पडली असं ठरलं, तर उरलेलं घर धोकादायक म्हणून उतरवतील आणि जागा त्याला मोकळी मिळेल. आणि सगळं तुझ्या नावावर येईल. दंड होईल, कदाचित देशातून काढतील.’

प्लंबर परका, तो कुठे गेला कुणाला माहीत. अबू सालेह त्या दिवशी इथे नव्हतेच. उभं होतं ते एकच माणूस. मी नाव सांगितलं तर त्याला आज संध्याकाळी घेऊन जातील. अफशाँचा बाप. अब्बा गेले, आता हेही गेले तर एका घरातली दोन माणसं जातील, आणि पोरीला काय सांगायचं, की तुझ्या आजोबांना कुणी मारलं?

मी म्हटलं, ‘मीच. झाडांना पाणी पुरत नव्हतं, म्हणून मीच पाइप घालून घेतला.’

हैफा माझ्याकडे बघत राहिली. तिला एक अक्षरही पटलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. म्हणाली, ‘तुझा सासरा होता तो.’

‘हो,’ म्हटलं.

घरी आले. हे दारातच उभे होते, कुणीतरी फोन केला असणार. ‘काय विचारलं तिने?’

‘पाइप कुणी घातला म्हणून.’

‘मग?’

‘मी घातला म्हणून सांगितलं.’

चपलांच्या रॅकवर बसले, एकदम. चेहरा हातांत धरला. मी समोर उभी. अफशाँ आतून बघत होती. मी थांबले. मला वाटलं, आता उठतील. आता म्हणतील, चल, मी तुझ्याबरोबर येतो, जे आहे ते सांगतो. मी ओढणीसुद्धा काढली नव्हती, लगेच निघता यावं म्हणून.

बऱ्याच वेळाने उठले आणि हात धुवायला गेले. येऊन दस्तरखानाशी बसले. अब्बांना माती दिल्यापासून या घरात त्यांच्यासाठी ताट मांडलं की ते तसंच परत जायचं. आज मी दोन चपात्या वाढल्या, माशाचं सालन वाढलं. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्लं. मान खाली घालून सगळं खाल्लं, ताटातलं सालन बोटाने पुसून घेतलं.

मी शेजारी बसून वाट बघत होते.

त्यांनी थोडा भात मागितला. मी वाढला.